शेडमधली युद्धनौका

शिफ्ट संपवून घरी आले तर सिंकमध्ये चहाचे दोन कप. सासूबाई दुपारी एकट्याच असतात आणि एकाच कपातून चहा पितात.

"आई, कोण आलं होतं?"

"एक म्हातारे गृहस्थ. इकडचेच, गोरे. आपल्या मागच्या शेडमध्ये म्हणे लढाईचं जहाज आहे."

मला वाटलं, त्यांच्या इंग्रजीचा काहीतरी घोळ झालाय. सासूबाई पुण्याहून आल्या त्याला बरीच वर्षं झाली, पण इंग्रजी अजून अर्धं कानाने आणि अर्धं अंदाजाने. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. लढाईचं जहाज. लाकडाचं. वाफेवर चालणारं.

"आणि तुम्ही त्याला घरात घेतलंत?"

"घरात कुठे? मागच्या अंगणात बसवलं. उन्हातून आले होते गं."

मी फार्मसिस्ट आहे. सिडनीच्या पेंडल हिल स्टेशनजवळच्या एका केमिस्टच्या दुकानात मी इतकी वर्षं काढली आहेत, की गोष्ट ऐकताना ती सांगणाऱ्याच्या हातांकडे आधी बघायची सवय लागली आहे. बॅग ट्रेनमध्ये राहिली, कुत्र्याने प्रिस्क्रिप्शन खाल्लं, डॉक्टर सुट्टीवर गेलाय आणि आजच गोळ्या हव्यात, हे सगळं मी ऐकलेलं आहे. त्यातले काही लोक खरे असतात, हीच तर अडचण. त्यामुळे इस्त्रीचा शर्ट घातलेला एक म्हातारा दुपारच्या वेळी, घरात फक्त सासूबाई असताना येतो आणि शेडची चौकशी करतो, हे मला मुळीच आवडलं नाही.

नवऱ्याला त्याहून कमी आवडलं. आमचं टूनगॅबीचं घर जुनं, फायब्रोच्या म्हणजे सिमेंटच्या पत्र्यांच्या भिंतींचं. प्लॉट मात्र लांबलचक. घर आणि शेड पाडून तिथे ड्युप्लेक्स बांधायचा आमचा अर्ज कौन्सिलकडे पडून होता. कुंपणावर तशी पिवळी नोटीसही लागली होती.

"हेरिटेजवाला असणार," नवरा म्हणाला. "कुणीतरी शेजाऱ्याने पाठवला असेल. एकदा का त्यांनी म्हटलं की इथे ऐतिहासिक काहीतरी आहे, की बसा मग बोंबलत."

"हेरिटेजवाले ईमेल करतात. चहा प्यायला येत नाहीत."

"मग चोर असेल. बघून गेला."

शनिवारी तो पुन्हा आला. मी मुद्दाम घरी थांबले होते. उंच, वाळलेला, सत्तरीच्या पलीकडचा माणूस. बूट पॉलिश केलेले, हॅट हातात. शर्टाच्या खिशातून मोजपट्टीचं टोक डोकावत होतं; नवऱ्याने मला डोळ्यानेच ते दाखवलं.

"तुमच्या शेडच्या मधोमध जी आडवी तुळई आहे," तो म्हणाला, "ती युद्धनौकेची आहे. माझ्या आजोबांनी हे घर बांधलं. जहाज तोडायला जी माणसं होती त्यात ते होते. ती तुळई त्यांनी तिथून आणली."

शेडमध्ये तुळई होती हे खरं. जाड, काळी, किंचित बाक असलेली. आमच्या जुन्या सूटकेसेस आणि गणपतीच्या मखराचे तुकडे तिच्या खाली ठेवलेले असायचे. तिच्याकडे मान वर करून मी कधी बघितलंही नव्हतं.

मग त्याने जहाजाची गोष्ट सांगितली. जहाजाचं नाव इंग्लंडच्या एका प्रसिद्ध दर्यावर्दी सेनापतीचं. ते बांधलं गेलं शिडांसाठी, आणि ज्या लढाईसाठी बांधलं ती लढाई तोवर संपून गेलेली. कित्येक वर्षं ते धक्क्याला नुसतं बांधून ठेवलं होतं. मग आरमारात वाफेचं वारं आलं, तेव्हा त्याचा वरचा मजला कापून काढला आणि पोटात इंजिन बसवलं. पण तोवर लोखंडी जहाजं आली. लाकडाच्या अंगात वाफेचं इंजिन घातलेल्या त्या सगळ्याच युद्धनौका एकदम म्हाताऱ्या झाल्या; काही तर नव्या कोऱ्या असतानाच. तेव्हा इंग्रजांनी ती नौका इकडच्या व्हिक्टोरिया वसाहतीला देऊन टाकली. राणी व्हिक्टोरियाच्या आरमारातून व्हिक्टोरिया वसाहतीच्या आरमारात. तिच्यावर पोरांना खलाशाचं काम शिकवत. पुढे तिचं झालं कोळशाचं तरंगतं कोठार, आणि शेवटी टास्मानियातल्या एका नदीकाठी तिला तोडलं. तांबं काढून घ्यायचं म्हणून लाकूड पेटवून देत होते.

"आजोबांना ते बघवेना," तो म्हणाला. "म्हणून एक तुळई त्यांनी वाचवली. अस्सल इंग्लिश ओक. वरच्या बाजूला जळाल्याची खूण आहे बघा. ती बॉयलरच्या धुरांड्याची."

गोष्ट छान होती. फारच छान. मला खटकलं ते हे, की सासूबाईंनी मध्येच काहीतरी विचारल्यावर त्याने गोष्टीत थोडं मागे जाऊन तीच वाक्यं जशीच्या तशी पुन्हा म्हटली. 'तांबं काढून घ्यायचं म्हणून' इथे तो दोन्ही वेळा थांबला आणि दोन्ही वेळा त्याने हॅट एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पाठ केलेली गोष्ट मला लांबूनही कळते.

"टास्मानियाहून इथपर्यंत?" मी विचारलं. "समुद्र ओलांडून? एक तुळई?"

"ते कामासाठी सिडनीला आले तेव्हा बोटीवरून घेऊन आले. असं ते सांगायचे."

"आणि तुम्हाला आमच्याकडून काय हवंय?"

"काही नाही, लव्ह," इकडचे म्हातारे कुणालाही म्हणतात तसं तो म्हणाला. "फक्त बघायची आहे. तुम्ही पाडण्याआधी."

काही नको असलेला माणूस हा सगळ्यात जास्त लक्ष ठेवण्यासारखा.

संध्याकाळी लेकीने फोनवर शोधून बघितलं. "It's real, Mum. The ship's totally real. It got broken up in Tassie and everything."

"जहाज खरं असेल," मी म्हटलं. "म्हणून तुळई खरी होत नाही. माझ्याकडे खोट्या चिठ्ठ्या येतात त्यावर डॉक्टरची नावं खरीच असतात."

"You're so paranoid," ती म्हणाली आणि खोलीत गेली.

पुढचे काही आठवडे तो येत राहिला. नेहमी दुपारी. सासूबाई माझ्यापासून काही लपवून ठेवत नव्हत्या. उलट कौतुकाने सांगायच्या. आज त्यांना थालीपीठ दिलं, दोन खाल्ली. आज म्हणाले, शेडचं दार पूर्वी दुसऱ्या बाजूला होतं. त्या मराठीत बोलायच्या, तो इंग्रजीत, आणि दोघांचं म्हणे उत्तम चालायचं. मी मात्र बाजूच्या फाटकावर आणि शेडमध्ये एकेक छोटा कॅमेरा लावला. सासूबाईंना सांगितलं, रात्री शेडमध्ये शिरणाऱ्या पॉसमसाठी आहे.

एके दिवशी दुकानात लंच ब्रेकला सँडविच खाता खाता मी फोन उघडला. तो शेडमध्ये एकटा उभा होता. आमच्या सूटकेसेसना त्याने हात लावला नव्हता. स्टुलावर चढून त्याने तुळईवर तळहात टेकवला होता आणि तसाच उभा होता, बराच वेळ, तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसा. मग खिशातून चाकू काढला. तुळईच्या कडेचा एक सालपा त्याने सावकाश सुटा केला, रुमालात बांधला, आजूबाजूला बघितलं आणि खाली उतरला.

सँडविच तसंच राहिलं. मी नवऱ्याला व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर आलं: "सांगितलं होतं ना. सॅम्पल घेतलं. हेरिटेज."

त्या आर्वोला, दुपार कलता कलता घरी आल्यावर मी आधी शेजारी गेले. शेजारीण माल्टाची आहे, ऐंशीच्या घरातली; लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा आजूबाजूला अजून गवताची मैदानं होती. ती टोमॅटोंना पाणी घालत होती.

"आमचं घर ज्याने बांधलं, तो आठवतो तुम्हाला?"

"का नाही? चांगला माणूस. थोडी प्यायचा. बायको आजारी असायची."

"त्यांना मुलं किती?"

"मुलं? नव्हती. देवाने दिलीच नाहीत."

मुलंच नाहीत, मग नातू कुठून आला? मला आनंद झाला हे सांगायला हवं. चिठ्ठीवरची सही जुळली नाही की होतो तसा.

रविवारी तो आला तेव्हा आम्ही तिघंही मागच्या अंगणात होतो. मी त्याला बसायलाही सांगितलं नाही. फोन समोर धरून व्हिडिओ दाखवला.

"हे काय आहे?"

त्याने चष्मा लावून स्वतःलाच बघितलं. "सालपा घेतला मी," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं."

"आणि ज्यांनी हे घर बांधलं त्यांना मुलंबाळं नव्हती. तुम्ही कुणाचे नातू?"

हॅट त्याने डोक्यावर घातली, परत काढली. नवरा म्हणाला, "पोलिसांना बोलवायचं का?" हे त्याने इंग्रजीत म्हटलं, त्याला ऐकू जावं म्हणून.

"आधी बसू दे त्यांना," सासूबाई म्हणाल्या, आणि स्वतःची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

तो बसला. आणि मग जे बोलला ते पाठ केलेलं नव्हतं. मध्ये मध्ये अडकत होता.

तो सरकारी पोर होता. आई-वडील कोण ते त्याला नीट माहीत नाही. वेल्फेअरवाले त्याला एका घरातून उचलायचे आणि दुसऱ्या घरात ठेवायचे. काही घरांबद्दल तो बोलणार नाही, असं त्याने सरळ सांगितलं. या घरात तो दोन उन्हाळे राहिला. म्हातारा त्याला शेडमध्ये घेऊन जायचा, स्टुलावर उभा करायचा, तुळईवर हात ठेवायला लावायचा आणि जहाजाची गोष्ट सांगायचा. रोज. म्हणून ती पाठ.

"मी त्यांना पॉप म्हणायचो, म्हणजे आजोबा. त्यांनी कधी म्हटलं नाही की म्हणू नकोस."

मग बाईंचं आजारपण वाढलं आणि त्याला दुसरीकडे नेलं. तिथे गेल्या गेल्या त्याने जहाजाची बढाई मारली. त्या घरचा माणूस हसला. म्हणाला, तो टूनगॅबीचा दारुडा? तो आयुष्यात बोटीवर चढलेला नाही. ती तुळई आयर्नबार्कची असणार, इथल्याच जंगलातली, रेल्वेच्या भंगारातून उचललेली. तुला गप्प बसवायला काहीतरी सांगितलं त्याने.

"नंतरही मी ही गोष्ट खूप लोकांना सांगितली," तो म्हणाला. "बायकोला, कामावरच्या मित्रांना. सगळे ऐकतात. आणि मग असं हसतात." तो ते हसू हसून दाखवायला गेला, पण जमलं नाही. "बसमधून जाताना तुमची नोटीस बघितली. म्हटलं, आता नाही तर मग नाहीच. तो सालपा एका लाकूडवाल्याकडे नेला होता. त्याने बघितलासुद्धा नाही."

"मग खरं का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"फाटकात उभं राहून मी म्हटलं असतं की लहानपणी मला इथे वेल्फेअरने ठेवलं होतं, तर तुम्ही फाटक उघडलं असतं?"

उघडलं नसतं.

पण तेव्हाही माझा विश्वास बसला होता असं नाही. डोळ्यात पाणी आणणाऱ्या गोष्टी मला रोज काउंटरवर मिळतात. तो गेल्यावर मी पुन्हा शेजारणीकडे गेले. विचारलं, त्यांच्याकडे कधी कुठली मुलं राहायची का?

"हो तर! वेल्फेअरची पोरं. एक जायचा, दुसरा यायचा. एक होता बारका, माझ्या सासूच्या कोंबड्यांना घाबरायचा."

"पण तुम्ही तर म्हणालात मुलं नव्हती."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू त्यांची मुलं विचारलंस ना? ती त्यांची नव्हती."

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, तुळई तपासून घेऊ. तो सिव्हिल इंजिनिअर आहे. त्याचा एक मित्र युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, लाकडावर काम करतो. एक तुकडा द्यायचा, एवढंच.

"वेडी आहेस का?" तो म्हणाला. "आयर्नबार्क निघालं तर त्या म्हाताऱ्याचं वाईट होणार. ओक निघालं तर आपलं. माहीतच करून घेऊ नये अशा काही गोष्टी असतात."

"मला माहीत नसलेलं घरात ठेवता येत नाही."

"घरात नाहीये. शेडमध्ये आहे. आणि शेड पाडायची आहे."

आमचं त्यावरून चांगलंच वाजलं. शेवटी सासूबाईंनी मुलाला सांगितलं, "तू दे नाहीतर मी देते. मला कुरियर येतं करता." त्यांना येत नव्हतं, पण तो दुसऱ्या दिवशी करवत घेऊन स्टुलावर चढला. कापताना पातं कशाला तरी अडलं. आत अंगठ्याएवढ्या जाडीचा तांब्याचा बोल्ट होता, भोवतीचं लाकूड हिरवं-निळं पडलेलं. नवऱ्याने खाली उतरून बोल्टसकट तो तुकडा माझ्या हातात दिला. नंतर तासभर त्याने आणखी कुठे बोल्ट आहेत का ते टॉर्च लावून शोधलं.

निकाल यायला वेळ लागला. त्या दरम्यान तो माणूस फिरकला नाही. सासूबाई दुपारी फाटकाकडे बघत बसायच्या. मी कॅमेरे काढले नव्हते. त्यात फक्त पॉसम दिसायचे.

निकाल आला त्या शनिवारी नवऱ्याने स्वतः त्याला फोन करून बोलावलं. अंगणात सगळे बसलो. नवऱ्याने साध्या भाषेत सांगितलं. लाकूड ओक आहे. युरोपातला ओक, इकडचं कुठलंच झाड नाही. तांबं, बाक आणि जाडी बघता तुळई एखाद्या मोठ्या लाकडी जहाजाच्या डेकखालची असावी असं मित्राचं मत.

"आयर्नबार्क नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"ते ओकच म्हणायचे," तो म्हणाला. सासूबाईंकडे बघून पुन्हा म्हणाला, "He said oak." सासूबाईंनी मान हलवली, जणू त्यांना हे आधीपासूनच माहीत होतं.

मला राहवलं नाही. राहवणारही नव्हतं. मी म्हटलं, "पण कुठल्या जहाजाची हे लाकडावरून सांगता येत नाही. तीच युद्धनौका असेल, नाहीतर दुसरं एखादं जहाज असेल. जळाल्याची खूणही धुरांड्याचीच आहे असं नाही. तांब्यासाठी पेटवलं होतं ना लाकूड? त्यातलीही असेल. शेडला कधी आग लागली असेल."

नवऱ्याने माझ्याकडे रागाने बघितलं. म्हातारा मात्र हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

"ते तू बोलणार हे मला माहीत होतं, लव्ह. ठीक आहे. माझं एवढ्यावर भागतं."

कौन्सिलला नवऱ्याने आपणहून कळवलं, कारण न कळवता पाडलं आणि नंतर कुणी काही काढलं तर, ही भीती त्याला झोपू देईना. एक बाई आली, फोटो काढले, म्हणाली शेडला काही महत्त्व नाही, तुळईचं काय ते तुम्ही ठरवा. इतके महिने आम्ही ज्याला घाबरत होतो ते एवढ्यावर मिटलं.

तुळई त्याला द्यायची हे तोवर ठरलेलंच होतं. पण तो राहायचा एका रिटायरमेंट व्हिलेजमधल्या एका खोलीच्या युनिटमध्ये. त्याला हवं होतं की तिथल्या सामाईक बागेत तिचा बाक करावा, आणि त्याला रहिवाशांच्या कमिटीची परवानगी लागत होती. तो म्हणाला, तुम्ही याल का? मी आणि सासूबाई गेलो.

कमिटीची अध्यक्षा नीटनेटकी, पांढऱ्या केसांची बाई होती. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. त्याने मला दाखवायचा प्रयत्न केला होता ते.

"जुनं लाकूड घेऊन येणारा प्रत्येकजण म्हणतो की ते एखाद्या प्रसिद्ध जहाजाचं आहे," ती म्हणाली.

"हे ओक आहे," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच. "युनीत तपासलंय. मोठ्या लाकडी जहाजाचं आहे. आत तांब्याचा बोल्ट आहे, मी हातात धरलाय. त्यापुढचं कुणीच सांगू शकत नाही, आणि हे गृहस्थही सांगत नाहीयेत."

"आणि तुम्ही कोण यांच्या?"

"फार्मसिस्ट," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

परवानगी मिळाली. इतकंच नाही, तर कमिटीचा उत्साह एकदम वाढला आणि त्यांनी पितळेची पाटी करायचं ठरवलं: वाफेवर चालणाऱ्या शेवटच्या लाकडी युद्धनौकांपैकी एकीचं लाकूड, आणि खाली जहाजाचं नाव. सुताराने पाठीच्या फळीला भोकंसुद्धा पाडून ठेवली. म्हाताऱ्याने पाटी परत पाठवली. म्हणाला, जे आपल्याला माहीत नाही ते लिहायचं नाही. अध्यक्षा नाराज झाली. लोकांना विचारायला काहीतरी हवं, असं तिचं म्हणणं होतं.

आमचं घर पाडलं त्या आठवड्यात आम्ही बाक बघायला गेलो. तो गुडघ्यावर बसून त्या भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकत होता. सासूबाईंनी डब्यातून थालीपीठं आणली होती. त्याने हात पुसले, बाकाच्या एका टोकाला त्यांना बसवलं, दुसऱ्या टोकाला स्वतः बसला आणि मला म्हणाला, "बस. मध्ये जागा आहे."

मी बसले. लाकूड उन्हाने चांगलंच तापलेलं होतं.